आत कापड किती ठेवलंय?

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायला ताईने हात वर केला आणि काखेत कुर्ता उसवला. आवाज काही मोठा नव्हता, पण तिसरीतल्या पोरांचे कान तिखट असतात. पुढचे तीन तास तिने ओढणीचं टोक काखेत दाबून शिकवलं आणि शाळा सुटल्यावर घरी न येता थेट शिंप्याचं दुकान गाठलं. गेल्या वर्षीची, दिवाळीच्या सुट्टीआधीची ही गोष्ट. मी शेवगावला माहेरी आले होते, म्हणून सोबत गेले.

कुर्ता नगरच्या एका मोठ्या, काचेच्या, गार हवेच्या दुकानातला. किंमत 699. अंगावर आला त्याला दीड महिना झालेला, धुणी चार.

शिंपीकाकांनी तो हातात घेतला आणि पहिलं काय केलं, तर उलटा केला. शिंपी कपडा नेहमी उलटाच बघतो. आपण दुकानात तो सुलटा बघतो, आरशासमोर धरतो आणि वळून मागून कसा दिसतो ते बघतो. काकांनी काखेतली शिवण दोन अंगठ्यांनी ताणली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, टीप मारून देतो, पण ती धरंल कशाला? आत कापडच ठेवलं न्हाई."

शिवणीच्या आत जे कापड राहतं त्याला काका 'मार्जिन' म्हणतात. आई त्यालाच 'आत कापड ठेवणं' म्हणते. शिंप्याकडे माप देऊन निघताना उंबऱ्यावर उभं राहून "आत कापड ठेवा हं" असं बजावायची आपल्याकडे पद्धतच होती. पुढे अंग भरणार, बाळंतपण होणार, नाहीतर तोच कपडा पाठच्या बहिणीकडे जाणार. आईच्या जुन्या ब्लाऊजना कडेने तीन-तीन टिपा असायच्या. सगळ्यात आतली लग्नातली, मधली माझ्या जन्मानंतरची आणि बाहेरची तिला बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हाची. बाई तीस वर्षांत किती बदलली, ते ब्लाऊज उलटा केला की समजायचं.

काका सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्या हातच्या कुर्त्यात कडेला आठ सुतं, म्हणजे इंचभर कापड आत असतं. या कुर्त्यात मोजली तर दोन सुतं भरली. त्यातलंही काही ओव्हरलॉकच्या दोऱ्यात गुंडाळून गेलेलं. मग त्यांनी टाके मोजले. इंचात बारा पाहिजेत, इथे आठ होते. टाका लांब ठेवला की मशीन झपाझप पळतं आणि दोराही कमी लागतो. एका कुर्त्यामागे वाचतात ते पैसे आणि सेकंद. तेच लाख कुर्त्यांना लावा.

मला वाटत होतं शिवण तुटली. तर दोरा शाबूत होता. विरळ विणीचं, गुळगुळीत धाग्याचं कापडच शिवणीतून सरकून बाहेर आलं होतं. दोन सुतांत त्याला धरून ठेवायला जागाच नव्हती.

"हे नीट करायचं तर कापड पाहिजे," काका म्हणाले, "आणि कापड आता कुठून आणू?"

*

कापसाबद्दल शेवगावच्या माणसाला कुणी शिकवायला नको. गोदाकाठची काळी जमीन, जिनिंगच्या गिरण्या, दिवाळीच्या तोंडावर वेचणीला आलेली रानं. वेचणी बहुतेक बायकाच करतात, किलोवर. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र लांब धाग्याचा माल वेगळा, भिजून पिवळी पडलेली कवडी वेगळी आणि हंगाम उलटल्यावर घेतलेल्या फरदडीचा आखूड, मेलेला कापूस वेगळा. आमच्या शाळेसमोरून कापसाचा टेम्पो गेला की चौथीतली पोरगीही मालाची प्रत सांगेल.

हा माल विकायला नेला की काय होतं? व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, कारण वरचा माल सगळेच चांगला ठेवतात. मूठभर कापूस ओढून काढतो, चिमटीत धरून ताणतो, धाग्याची लांबी बघतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर तर ओलावा मोजायचं यंत्रच लावतात. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात. बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये ठरला, मध्यम धाग्याचा 7710. हा 400 रुपयांचा फरक धाग्याच्या मिलिमीटरांवर ठरतो.

म्हणजे हा तालुका विकायला उभा राहतो तेव्हा त्याचा माल कोपरापर्यंत हात घालून तपासला जातो. आणि त्याच तालुक्यातली बाई कुर्ता घ्यायला उभी राहते तेव्हा तिच्यासमोर हँगर असतो, दिवे असतात आणि मानेमागे नखाएवढी पट्टी असते. ताईच्या कुर्त्याची पट्टी मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचली: पॉलिस्टर 65, व्हिस्कोज 35. दुकानातल्या मुलीने "कॉटनच आहे, मॅडम" म्हणून सांगितलं होतं. ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. हाताला तो कॉटनसारखा लागतो म्हणून तीही 'कॉटन'च म्हणत असेल.

काकांनी मात्र कडेचा एक धागा काढला आणि काडी लावली. सुती धागा जळला की जळक्या कागदाचा वास येतो आणि हाताला राख लागते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी राहिला. ही परीक्षा दुकानात करता येत नाही, हे मान्य. पण गावात ती माहीत नसलेला जुना शिंपी सापडणार नाही.

आता त्या आठ टक्क्यांची गंमत. कोरड्या दिसणाऱ्या सुतातही साधारण तेवढा ओलावा मुरलेला असतो. कापसाचा तो स्वभावच आहे. पॉलिस्टरमध्ये तो अर्धा टक्काही नसतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गखोलीत चाळीस मुलांसमोर उभं राहिल्यावर पाठीवरून घाम ओघळतो. सुती कापड तो पिऊन घेतं. पॉलिस्टर पीत नाही. घाम कातडी आणि कापड यांच्यामध्ये राहतो आणि दुपारपर्यंत वास येऊ लागतो. मोंढ्यावर ज्या गुणापायी आपले पैसे कापले जातात, त्याच गुणाची बाईला उन्हाळ्यात गरज असते.

व्हिस्कोजची तऱ्हा वेगळी. दुकानात त्याला रेयॉन म्हणतात. लाकडाच्या लगद्यापासून बनतो, मऊ असतो, छान लोळतो, रंगही झकास धरतो. पण ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते. आणि आपण कपडे कसे धुतो? बोअरच्या जड पाण्यात, पावडरीत तासभर भिजवून, मग दगडावर घासून, पिळून. तो सगळ्यात अशक्त असतो नेमकं तेव्हाच आपण त्याला सगळ्यात जास्त मारतो. चार धुण्यांत लांबी तीन बोटं आटते आणि गुडघ्यावरचा कुर्ता मांडीवर येतो. पट्टीवर 'हलक्या हाताने धुवा' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. सकाळी सहाला डबे करून साडेनऊची एसटी पकडणारी बाई कुठला हलका हात आणणार?

*

मग हे सगळं महागाईमुळे झालं का? घरी बसून मी कागदावर मांडून पाहिलं. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी. पूर्ण बाह्यांच्या सुती कुर्त्याचं वजन अडीचशे ग्रॅम धरा. सूतकताईतली, विणकामातली, कापणीतली घट धरून तीनशे ग्रॅम रुई, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या आसपास कापूस. हमीभावाने त्याचे झाले सत्तर-पंचाहत्तर रुपये. सरकीचे पैसे वेगळे येतात, ते मी सोडूनच दिले. म्हणजे कापसाचा भाव उद्या पाव पटीने वाढला तरी कुर्त्याच्या किमतीत वीस रुपयांचासुद्धा फरक पडत नाही. शेतकऱ्याला थोडे बरे पैसे मिळाले की 'कापूस महागला, म्हणून कपडे महागले' अशी जी ओरड होते, ती ऐकताना हा हिशोब लक्षात ठेवावा.

सुताचं, कापडाचं, रंगाईचं, शिलाईचं, वाहतुकीचं, मॉलच्या भाड्याचं गणित त्यावर चढत जातं, ते खरं. 2022 च्या मे महिन्यात रुईची खंडी, म्हणजे 356 किलो, एक लाखाच्या वर गेली होती. तेव्हा सूतगिरण्याही हादरल्या. पण दुकानातली पाटी पाहा. 499, 699, 999. ती त्याआधीही तेवढीच होती आणि त्यानंतरही तेवढीच राहिली.

या 999 मागे करही आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 12 टक्के अशी पायरी होती. हजारावर एक रुपया गेला की सगळ्या किमतीवर जास्तीचा कर. साहजिकच बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी त्या पायरीखाली दाटीवाटीने माल बसवला. सूत वाढलं, मजुरी वाढली, भाडं वाढलं, पायरी हलली नाही. मग हलायचं कुणी? अस्तर गेलं. खिसा गेला. कॉलरच्या आतला कडक थर पातळ झाला. ओढणी आधी दोन मीटरची झाली आणि मग 'वेगळी घ्या' झाली. तीन कपड्यांच्या जोडाचा एकच कुर्ता उरला. शेवटी मार्जिन आठ सुतांवरून दोनवर आलं. यातलं काहीही दुकानात उभं राहून दिसत नाही. आटवायची जागा निवडणारी माणसं हुशार आहेत, एवढं कबूल करायला हवं.

22 सप्टेंबर 2025 पासून ही पायरी अडीच हजारांवर नेली आहे. तिथपर्यंत 5 टक्के, पुढे 18. मानवनिर्मित तंतूवरचा करही 18 वरून 5 वर आणला. आता 1200 चा बरा कुर्ता बनवायला कराची अडचण उरलेली नाही. मात्र धागा स्वस्त झाल्यावर पॉलिस्टर कमी होईल, अशी आशा मी करत नाही.

आईच्या पिढीचा खात्रीचा शब्द होता 'मिलचं कापड'. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो शब्द हळूहळू बाजारातून गेला. त्याच वर्षी पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर आधीपासून सरकत होतंच, ते पुरतं तिकडे गेलं. साड्या आणि ड्रेस मटेरियल सुरतेहून यायला लागलं. शहरी दुकानांची गोष्ट त्यानंतरची. 1991 ला अंधेरीत शॉपर्स स्टॉप निघालं, 1998 ला टाटांचं वेस्टसाइड आलं, 2016 ला टाटांच्याच घरातून हजाराच्या आतल्या कपड्यांचं झुडिओ. मार्च 2025 अखेर झुडिओची 765 दुकानं होती. ही भूक खरी आहे आणि तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पहिल्या पगारातून 499 चा कुर्ता स्वतः निवडून आणणारी मुलगी काय सुख घेऊन घरी येते, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

स्वस्त कापडाचा धंदा या मुलखाला नवाही नाही. नदीपलीकडच्या पैठणचं नाव आपण जरीच्या साडीसाठी घेतो. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा आहेत, आणि तेरहून भडोचला गाड्या भरभरून जाणाऱ्या मालात पहिलं नाव साध्या, रोजच्या कापडाचं आहे. साधं म्हणजे टाकाऊ, असा अर्थ तेव्हा नसावा; महिनाभराच्या बैलगाडीच्या प्रवासाला आणि पुढे समुद्राला पुरून उरायचं होतं त्याला.

*

शेवगावात 'मॉल' म्हणजे दोन मजली काचेचं दुकान. खाली साड्या, वर लेडीज आणि किड्स. खरा मॉल बघायचा तर नगर, संभाजीनगर, नाहीतर पुणे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि नगर एकदम जवळ आलं. शनिवारी अर्धी शाळा करून चार-पाच जणी मिळून जातात, रसवंतीवर थांबतात, पाणीपुरी खातात, दोन-दोन कुर्ते घेतात आणि शेवटच्या गाडीने परततात. मला या सहलीचं कौतुक आहे. गावातल्या दुकानात गादीवर बसलेले काका सासऱ्यांच्या ओळखीचे निघतात; तिथे बाई पंधरा कपडे घालून बघून एकही न घेता उठू शकत नाही. मॉलमध्ये उठू शकते. हे स्वातंत्र्य 699 मध्ये धरलेलं नाही, ते वरचं.

आणि कपडे लागतात, खूप लागतात. आधी दोन-तीन साड्यांवर नोकरी निभायची. आता शिक्षिका, तलाठी, बँकेतल्या मुली, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्यांना रोजचा बदल हवा असतो. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असा पेहराव सांगितला. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको. ठीक आहे. पण फिक्या रंगाचा, नक्षी नसलेला, आतलं न दिसणारा, म्हणजे अस्तर असलेला किंवा घट्ट विणीचा कुर्ता सातशे रुपयांत शोधायला निर्णय लिहिणाऱ्यांपैकी कुणी एकदा शनिवारी आमच्यासोबत यावं. फिका रंग मिळतो. तो पारदर्शक असतो. मग आतून स्लिप घ्या, तिचे 200 वेगळे.

सरकारला यातली मेख कळायला हरकत नव्हती, कारण 2024-25 मध्ये त्याने स्वतःच हा उद्योग करून पाहिला. 'एक राज्य, एक गणवेश'. तोवर शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती एका गणवेशाला 300 रुपये यायचे आणि गावातला शिंपी पोरांची मापं घेऊन शिवायचा. त्या वर्षी कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली, आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिलाई. गणवेश उशिरा आले. आले ते कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. पहिलीतल्या पोराची चड्डी चौथीच्या भावाला आणि चौथीचा शर्ट कुणालाच नाही. बचत गटाच्या बायकांना यात बोल लावू नये. समोर मूल नसताना मापाचं कुणीच शिवू शकत नाही. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून काम पुन्हा शाळा समित्यांकडे आलं. निदान चूक मान्य झाली. बायकांच्या कुर्त्याला अशी कुठली समिती नसते.

शिंप्यांचं सगळं गोड होतं असंही मी लिहिणार नाही. दिवाळीचा ड्रेस होळीला देणारे, ब्लाऊजचा मुंढा वर्षानुवर्षं तसाच चुकवणारे, उरलेलं कापड परत न करणारे आम्ही सगळ्यांनी भोगलेत. ताई रेडिमेडकडे वळली त्याला निम्मं कारण आमचे हेच काका आहेत. 'परवा या' हा शब्द ऐकून ती कंटाळली होती. शिवाय कुर्त्याची शिलाई साडेतीनशे, अस्तराची असली तर पाचशे. कापड धरून शिवलेला कुर्ता मॉलच्या कुर्त्याच्या पुढेच जातो. काकांची दोन्ही मुलं या धंद्यात नाहीत. दुकानात आता नवं शिवण्यापेक्षा रेडिमेड कपडे आवळणं, सैल करणं, चेन बदलणं, बाही लावणं हेच काम जास्त येतं. काही बायका तर नवाकोरा कुर्ता पिशवीतूनच इथे आणतात. घालण्याआधी काखेत, कडेला दुसरी टीप मारून घेतात. काका त्याचे तीस रुपये घेतात. कंपनीने न मारलेल्या टिपेचे पैसे शेवगावची बाई असे वेगळे भरते, आणि ते कुठल्याच किमतीत दिसत नाहीत.

सैल करून मागणाऱ्यांना मात्र काका परत पाठवतात. सोडायला आत काही नसतंच.

त्या दिवशी ताईने उसवलेला कुर्ता परत आणला नाही. मशीन पुसायला घ्या म्हणाली. काकांनी तो नाकारला; फडक्याच्याही कामाचा नाही म्हणाले. तिथून आम्ही बाजारपेठेतल्या कापडवाल्याकडे गेलो. तागा उलगडून त्याने टेबलावर टाकला तेव्हा ताईने कापड उजेडाकडे धरलं, चुरगाळून सोडलं, कडेचा धागा ओढून बघितला. चव्वेचाळीस पन्ह्याचं निळसर सुती कापड, मीटरला 180, अडीच मीटर घेतलं. कापडाचे 450 आणि शिलाईचे 350, असे 800 झाले. उसवलेल्या कुर्त्यापेक्षा 101 रुपये जास्त. माप देऊन निघताना ती उंबऱ्यावर थांबली आणि आई म्हणायची तेच, तशाच आवाजात म्हणाली.

कुर्ता पाडव्याला मिळणार होता, तुळशीच्या लग्नाला मिळाला. यंदा जूनमध्ये शाळा उघडताना तिने तो दोन्ही कडांनी सैल करून घेतला. काकांनी चाळीस रुपये घेतले. आत अजून तीन सुतं कापड आहे.